आरमधून एक्सेलकडे: सीएसव्ही की एक्सएलएसएक्स?

आर या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेतला तक्ता एक्सेल वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा असेल, तर माझं मत सरळ एक्सएलएसएक्सला, म्हणजे एक्सेलच्या स्वतःच्या फाइल-प्रकाराला. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर; त्यात स्तंभाचा प्रकार (आकडा, मजकूर की तारीख) साठवलेलाच नसतो. फाइलवर डबल-क्लिक केलं की एक्सेल आपल्या मनाने अंदाज बांधतं: '००४२' हा कोड ४२ होतो, 'सेप्ट२' हे जनुक २ सप्टेंबर. याच त्रासापायी २०२० मध्ये अशा जनुकांची नवी अधिकृत नावं जाहीर झाली. सेप्ट२ आता सेप्टिन२ आहे. मराठी नावांचं तर विचारूच नका. फाइलीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीची) खूण नसेल तर अक्षरांचा पार चुथडा होतो. आरमधलं रीडआर पॅकेज (जोड-साधन) ही खूण घालून देतं, पण शून्यं तरीही जातातच.

राइटएक्सएल या पॅकेजने केलेल्या एक्सएलएसएक्स फाइलीत मजकूर मजकूरच राहतो, आणि जावा हे वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही.

एक्सेलमधून परत आणताना मात्र जपून. त्यासाठीचं रीडएक्सएल पॅकेज पहिल्या १००० ओळी बघून प्रकार ठरवतं. त्यात नुसते आकडे असतील, तर पुढे आलेल्या 'गैरहजर'च्या जागी रिकामी नोंद येते. स्तंभांचे प्रकार स्वतःच सांगा.

माहिती १०,४८,५७६ ओळींपलीकडे गेली किंवा गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात) बदल पाहायचे असले, तर मात्र सीएसव्हीच.