जर्मेनियम की सिलिकॉन: जुन्या धाटणीचा प्रीॲम्प घेण्यापूर्वी

जुन्या धाटणीचा मायक्रोफोन प्रीॲम्प, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणारे यंत्र, घ्यायचे ठरवले, की त्यातले सिग्नल वाढवणारे भाग, म्हणजे ट्रान्झिस्टर, जर्मेनियमचे असावेत की सिलिकॉनचे, हा प्रश्न लवकरच पुढे येतो. जर्मेनियमचा आवाज गोड आणि सिलिकॉनचा कोरडा, असे ठरीव उत्तरही तयारच असते. त्या उत्तरात तथ्य आहे. पण केवळ त्याच्या भरवशावर पैसे गुंतवणे मला योग्य वाटत नाही.

बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये तयार झालेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९५४ मध्ये सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर आणला, तरी तो बरीच वर्षे महागच राहिला. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर यंत्रांत जर्मेनियम आला तो मुख्यतः हाताशी होता म्हणून. इंग्लंडच्या नीव्ह कंपनीचे १०५७ हे प्रीॲम्प मॉड्यूल त्या पिढीचे आहे आणि त्यात जर्मेनियम आहे. मात्र ज्याच्या प्रतिकृती अनेक कंपन्या आजही बनवतात, ते त्याच कंपनीचे १९७० मधील १०७३ सिलिकॉनवर चालते. तेव्हा जुना, भरदार आवाज हवा म्हणजे जर्मेनियमच हवे, हे समीकरण इथेच कोलमडते. १०७३ च्या आवाजात इनपुट आणि आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरचा आणि क्लास ए पद्धतीच्या (म्हणजे ट्रान्झिस्टर सतत चालू ठेवणाऱ्या) आउटपुटचा मोठा वाटा आहे, आणि ती गोष्ट जाहिरातीतल्या एका शब्दात मावत नाही.

फरक मग कुठे पडतो? एसी१२८ हा जर्मेनियमचा परिचित ट्रान्झिस्टर साधारण दीड मेगाहर्ट्झपर्यंतच काम करतो, तर सिलिकॉनच्या बीसी१०९ ची मर्यादा त्याच्या शंभरपटीच्या घरात आहे आणि त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, हीदेखील कितीतरी जास्त आहे. गेन भरपूर असला की सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलट करून इनपुटला परत देऊन चुका कमी करणे, भरपूर देता येतो. त्यामुळे आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडताच एकदम फाटतो. जर्मेनियमच्या सर्किटमध्ये फीडबॅक बेताचाच असल्याने पातळी वाढेल तसा आवाज हळूहळू वाकतो, तारसप्तकातली धार थोडी बोथट होते, आणि ढोलकीची थाप किंवा उंच सुरातली गायकी अंगावर येत नाही. हा गुण खरा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. परंतु त्यातला बराचसा भाग सर्किटच्या रचनेतून येतो. कमी फीडबॅकचे सिलिकॉन सर्किट चांगल्या ट्रान्सफॉर्मरसह ऐकले, तर त्याच्या जवळपास नक्की पोहोचता येते.

आपल्याकडे खरा निर्णय उष्णतेवर होतो. एसी१२८ ला नऊ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर आणि काट्याचा मीटर जोडावा, ट्रान्झिस्टरचा बेस नावाचा पाय मोकळा ठेवावा आणि काट्याकडे पाहावे. प्रवाह वाहू नये अशी अपेक्षा असताना काटा थोडा उचललेला दिसतो, ही गळती. आता त्याची धातूची टोपी दोन बोटांत धरली, की काही सेकंदांत काटा सरकू लागतो आणि बोटे काढल्यावर सावकाश खाली येतो. बीसी१०९ वर हाच प्रयोग केला, तर काटा हलत नाही. गळती दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होते, म्हणजे २५ अंशांना जुळवलेले सर्किट बंद रॅकमध्ये ४५ अंशांना चौपट गळतीवर चालते. बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरची ठरवून दिलेली स्थिर पातळी, सरकतो, खरखर वाढते आणि सकाळी घेतलेला टेक दुपारच्या टेकशी जुळत नाही. मे महिन्यात वातानुकूलन बंद करून काम करणाऱ्या घरगुती स्टुडिओने हे गृहीत धरलेच पाहिजे.

नॉइजच्या बाबतीतही सिलिकॉन उजवे आहे. तानपुरा किंवा हलक्या आवाजातला अभंग क्षीण सिग्नल देणाऱ्या रिबन मायक्रोफोनने घ्यायचा, तर साठ डेसिबलहून अधिक गेन लागतो, आणि तिथे जर्मेनियमची सळसळ सुरांच्या मधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येते.

सुट्या भागांचे गणित त्याहून सरळ आहे. १०७३ च्या आउटपुटमधला २एन३०५५ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. जर्मेनियमचे भाग मात्र जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात. एकेकाळी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले एसी१२७ आणि एसी१२८ आपल्या रेडिओंत सर्रास असत, तेव्हा ते मिळूही शकतात; पण प्रत्येक नग गळतीसाठी तपासल्याशिवाय वापरता येत नाही, आणि सोल्डर करताना पाय चिमट्याने धरून उष्णता अडवावी लागते. एएफ११७ सारख्या काही प्रकारांत तर टोपीच्या आत कथिलाचे सूक्ष्म केस वाढून शॉर्ट होतो. शिवाय जर्मेनियमचे बहुतेक ट्रान्झिस्टर पीएनपी, म्हणजे उलट ध्रुवतेवर चालणाऱ्या प्रकारचे, असल्याने अनेक जुन्या सर्किटांत पॉझिटिव्ह टोकच ग्राउंडला असते. त्यांचा पॉवर सप्लाय इतर मॉड्यूलशी वाटून घेता येत नाही.

एकच प्रीॲम्प घेणार असाल, तर ट्रान्सफॉर्मर असलेला सिलिकॉनचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वच्छ चॅनेल आधीच हाताशी असेल, ढोलकी, बेस गिटार किंवा इलेक्ट्रिक गिटारला रंग हवा असेल आणि जवळ दुरुस्ती करणारा जाणकार असेल, तर दुसरा चॅनेल जर्मेनियमचा जरूर घ्यावा. तो घेताना मात्र यंत्र झाकण लावून तासभर चालू ठेवावे, मायक्रोफोन न जोडता गेन पूर्ण वाढवावा, आणि सुरुवातीची खरखर व तासाभरानंतरची खरखर एकाच हेडफोनवर ऐकून मगच पैसे द्यावेत.