बाबांचं पदक घेऊन रविवार पेठेत

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे चांदीच्या नाण्यांशेजारी बाबांचं पदकही मांडलेलं असायचं. बाबा १९६६ साली बल्लारपूरच्या कोळसा खदानीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारा कामगार, म्हणून लागले आणि १९९६ ला माइनिंग सरदार, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झाले. पदकावर एका बाजूला टोपीदिवा लावलेला कामगार, दुसऱ्या बाजूला '२५ वर्ष सेवा', आणि कडेवर बारीक ठोकलेला आकडा, ४१८. साल कुठेच नाही. आई म्हणते चांदीचं, भाऊ म्हणतो भंगार. शेवटी रविवार पेठेतल्या एका जुन्या नाण्या-पदकांच्या दुकानात घेऊन गेले.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दुकानदार काकांनी पदक हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न, "ताई, घासता कशाने?" चिंच आणि राख, म्हटलं. त्यांनी डोळेच मिटले.

मग दोऱ्याला टांगून वजन केलं, आधी हवेत, मग पाण्याच्या ग्लासात बुडवून. ४२ ग्रॅम, पाण्यात ३७.१. हवेतल्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागून आकडा कॅल्क्युलेटरवर मलाच दाखवला: साडेआठच्या आसपास. चांदी असती तर साडेदहापर्यंत गेला असता. "पितळ आहे. वर चांदीचा मुलामा होता, तो तुम्ही चिंचेने खाल्लात." कामगाराच्या नाकावर आणि दिव्यावर पिवळं का दिसतं, ते तेव्हा कळलं. याआधी एका सराफाने पदक नुसतं बोटांत फिरवून "मोडीत देऊन टाका" म्हटलं होतं. इथे निदान कारण दाखवून सांगितलं, त्याचे पैसे वसूल.

इतिहासात मात्र काका घसरले. "कोल इंडिया ही सरकारी कोळसा कंपनी १९७५ ची, म्हणजे पंचवीस वर्षांचं पदक २००० च्या आधी निघूच शकत नाही," असं ठामपणे सांगून पाकिटावर 'सुमारे २०००' लिहूनही टाकलं. अहो, तोवर बाबा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती! कंपनी नवी असली तरी माणसं जुनीच होती. १९७३ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा कामगार त्यांच्या आधीच्या नोकरीसकट सरकारकडे आले. १९६६ पासून मोजलं तर १९९१ येतं, आणि मी दहावीला होते त्याच वर्षी पदक घरी आल्याचं आईला पक्कं आठवतं. काकांनी ऐकून घेतलं, 'सुमारे २०००' वर काट मारली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. १९९१ काही लिहिलं नाही.

४१८ ला ते पदकाचा अनुक्रमांक म्हणाले. तेही चुकलं. आईच्या ट्रंकेतल्या एका पगारचिठ्ठीवर हाच आकडा बाबांच्या फॉर्म बी नंबरापुढे सापडला. फॉर्म बी म्हणजे तेव्हाच्या खाण कायद्याखाली ठेवलं जाणारं कामगारांचं रजिस्टर. त्यात नाव, बापाचं नाव, पत्ता, कामावर लागल्याची तारीख, सगळं असायचं. तेव्हा वस्तू कोणाची आणि कधीची हे शोधायचं असेल तर आधी घरची कागदं काढा. धातू आणि घडण कळण्यासाठी मात्र खुशाल इथे जा.

तीनशे रुपये घेतले, पावती नाही. दुपारी एक ते चार बंद. पाचपैकी साडेतीन. आणि नेण्याआधी काहीही घासून चकचकीत करू नका, ओरडा बसतो.