सेट प्रोग्रॅम ॲक्सेस अँड डिफॉल्ट्स: मायक्रोसॉफ्टच्या तडजोडीतून निघालेली खिडकी

ब्राउझर, ईमेल वगैरेंसाठी कुठला प्रोग्रॅम आपोआप उघडावा आणि कुठला लपवावा हे ठरवणारी ही खिडकी जुन्या यंत्रावर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज एक्सपी चालवणाऱ्यांना ओळखीची असेल. सप्टेंबर 2002 मधल्या सर्व्हिस पॅक 1 सोबत ती आली. विंडोज 2000 वर सर्व्हिस पॅक 3 मधून. ग्राहकांनी मागितली म्हणून ती दिलेली नव्हती. मक्तेदारीच्या खटल्यात अमेरिकी न्याय खातं आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात नोव्हेंबर 2001 मध्ये जी तडजोड झाली, तिच्या ‘तीन-एच’ कलमातून (मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रॅम लपवून दुसऱ्यांचे निवडता यावेत, या अटीतून) ती थेट उभी राहिली. त्यामुळे परीक्षण करताना तडजोडीचा मसुदा शेजारी ठेवावा लागतो.

सापडायला सोपी: स्टार्ट, मग ऑल प्रोग्रॅम्स, यादीत वरच. ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’मध्येही डाव्या पट्टीवर बटण आहे. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. आत मायक्रोसॉफ्ट विंडोज, नॉन-मायक्रोसॉफ्ट आणि कस्टम हे पर्याय. संगणक कंपनीने स्वतःची मांडणी भरून दिली असेल तर तिचा चौथा. कस्टम उघडलं की पाच रकाने दिसतात: ब्राउझर, ईमेल, मीडिया प्लेअर, मेसेंजर, जावा. पाचच का? कारण मसुद्याच्या व्याख्येत नावानिशी पाचच उत्पादनं होती. ऑफिस त्यात नाही. आउटलुक एक्सप्रेस आहे, पण आउटलुक नाही.

आता दुखणं. इंटरनेट एक्सप्लोररसमोरची ‘एनेबल ॲक्सेस’ची खूण काढा आणि ओके दाबा. डेस्कटॉप आणि स्टार्ट मेन्यूतून आयकॉन गायब होतात. मग माय कॉम्प्युटर उघडून पत्त्याच्या पट्टीत एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाका: त्याच खिडकीत इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन पान उघडून देतं. फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात. विंडोज अपडेटचं संकेतस्थळ तर ॲक्टिव्हएक्सशिवाय (म्हणजे वेबपानात चालणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या प्रोग्रॅमांशिवाय) चालतच नसे, म्हणून तिथे एक्सप्लोररच लागे. हा बग नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी बोलताना, किंवा ॲक्टिव्हएक्ससारखी तांत्रिक गरज दुसऱ्या ब्राउझरकडे नसेल तर, आपलाच प्रोग्रॅम उघडायची मुभा त्याच कलमात लिहून घेतलेली आहे. वकिलांनी काम चोख केलं, एवढं मान्य करायलाच हवं.

लोकांनी हे आधीच सांगितलं होतं. अमेरिकेतल्या टन्नी कायद्यानुसार अशा तडजोडीवर साठ दिवस जनतेची मतं मागवावी लागतात. मुदत 28 जानेवारी 2002 ला संपली तेव्हा 32 हजारांहून जास्त पत्रं जमली होती. बरीचशी ईमेलने आली, कारण अँथ्रॅक्स रोगाचे जंतू भरलेल्या पाकिटांनी वॉशिंग्टनचं टपाल विस्कळीत केलं होतं. त्यातली पुष्कळशी चार ओळींची होती, पण अभ्यासू पत्रांतला आक्षेप नेमका होता: आयकॉन लपवणं म्हणजे प्रोग्रॅम काढणं नव्हे. कोड तसाच राहिला तर सॉफ्टवेअर लिहिणारा त्यालाच गृहीत धरून लिहिणार, आणि प्रतिस्पर्ध्याच्या ब्राउझरला भाव कुठून येणार? दुसरा आक्षेप चौदा दिवसांवर. संगणक कंपनीने लावलेली आयकॉनची मांडणी विंडोजने पहिले चौदा दिवस आपणहून हलवायची नाही. त्यानंतर ‘बदलू का?’ असं वापरणाऱ्याला विचारायला मोकळीक. अशा प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हणणारेच जास्त.

पत्रं अगदीच वाया गेली असं नाही. न्यायाधीश कोलीन कोलार-कोटेली यांच्यापुढे फेब्रुवारी 2002 मध्ये सुधारित मसुदा आला. अंतिम आदेशात प्रत्येक उत्पादनासाठी वेगळी आणि निःपक्षपाती निवड द्यायची अट आहे, शिवाय सगळी एकगठ्ठा निवडायची सोय देण्याची मुभाही. कस्टममधले रकाने आणि वरची एकगठ्ठा बटणं यांचं मूळ हेच. कोड काढण्याचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या ब्राउझरवाल्यांसाठी रचना बरी आहे, पण काम त्यांच्या गळ्यात. विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीत क्लायंट्सखाली स्टार्टमेन्यूइंटरनेट या कीमध्ये आपली नोंद करायची आणि इन्स्टॉलइन्फोमध्ये आयकॉन लपवण्याची, दाखवण्याची आणि पुन्हा बसवण्याची अशा तीन आज्ञा द्यायच्या. ही नोंद नसलेला ब्राउझर यंत्रावर असूनही यादीत दिसत नाही. दिसला नाही तर खिडकीला दोष देऊ नका, ब्राउझरची नवी आवृत्ती टाका.

युरोपात 2010 मध्ये आलेली ब्राउझर निवडीची खिडकी स्वतःहून समोर येत असे. ही मात्र स्टार्ट मेन्यूत गप्प बसून राहते, शोधणाऱ्यालाच सापडते. म्हणून पाचपैकी दोन तारे, तेही डीफॉल्ट खरोखर बदलतं म्हणून.

वापरायचीच तर ‘नॉन-मायक्रोसॉफ्ट’चं एकगठ्ठा बटण टाळा, पाचही रकान्यांत एकदम उलथापालथ होते. कस्टम घ्या, आपला ब्राउझर निवडा आणि एक्सप्लोररसमोरची खूण राहू द्या. ती काढली तरी डिस्कवर जागा मोकळी होत नाही.