दिवाळीत आई-बाबांकडे: 'बनवाबनवी' की 'धुमधडाका'?

फराळाची ताटं उचलली की आमच्या घरी वाद ठरलेला: 'अशी ही बनवाबनवी' (1988) लावायचा की 'धुमधडाका' (1985)?

'बनवाबनवी' कुठूनही लावा, चालतं. चहा ठेवायला उठलेली आई आतूनच पुढचा संवाद म्हणते. मधुमेहाच्या औषधाच्या 70 रुपयांचा संवाद आला की बाबा अशोक सराफांच्या आधीच हसून मोकळे! खरं तर हा सिनेमा आता कुणी बघत नाही, पाठ म्हणतात. त्यामुळे सुधीर जोशींचा खडूस घरमालक सरपोतदार दुर्लक्षित राहतो. एकदा फक्त त्याच्याकडे बघा, काय चेहरा करतो तो माणूस!

'धुमधडाका' हे महेश कोठारेंचं पहिलं दिग्दर्शन. प्रेमप्रकरणं जरा लांबतात. पण खोटा श्रीमंत बाप बनलेले अशोक सराफ पाइप ओढताना ठसकतात आणि समोर शरद तळवलकर भारावून जातात, तिथे आजही पोट धरून हसतो.

घर पाहुण्यांनी भरलं असेल तर 'बनवाबनवी'. आम्ही तिघंच असू तर 'धुमधडाका', फक्त रिमोट बाबांकडे नको. ते एकही गाणं पळवू देत नाहीत.