वकीलबाईंचा शोध अहवाल: फी वसूल, पण सक्ती नको

जुना फ्लॅट घेताना एजंट म्हणाला, “वकील कशाला? दस्त मी करून देतो.” कायद्याने त्याचं बरोबर. १९०८च्या नोंदणी कायद्यात वकिलाची सक्ती नाही. पण दुय्यम निबंधक (सब-रजिस्ट्रार) फक्त दस्त नोंदवतात; विकणाऱ्याची मालकी निर्वेध आहे का, हे ते तपासत नाहीत. बायकोच्या हट्टामुळे एका वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी मालकीच्या ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला, सूची २चे (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा सारांश) उतारे काढले आणि हक्कसोडपत्रावर (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) विक्रेत्याच्या एका बहिणीची सहीच नसल्याचं दाखवलं. विक्रेता कुरकुरला, पण बहिणीकडून वेगळं हक्कसोडपत्र नोंदवून आणलं. फी एजंटच्या दलालीपेक्षा कितीतरी कमी. मात्र बाई फोन उचलत नाहीत. संध्याकाळी थेट ऑफिसातच गाठाव्या लागतात.

मग वकील सक्तीचाच करावा का? मला नाही पटत. कोर्टाबाहेर टेबल टाकून न वाचता शिक्के मारणारे आहेतच, त्यांचं आणखी फावेल. सक्ती करायचीच तर मालकीच्या अशा शोधाचा अहवाल दस्ताला जोडण्याची करा.

आणि कर्ज काढणाऱ्यांनो, बँकेचा वकील कागद बघतो तो बँकेसाठी. त्याच्या अहवालाची प्रत तरी मागून घ्या.