नवा गुडघा, जुनी चाल: आठ महिन्यांनंतर

उजवा गुडघा बदलून आठ महिने झाले. डावा अजून मूळचाच आहे, कुरकुरतो पण निभतं. नव्या गुडघ्याबद्दल तक्रार नाही. हाडावर हाड घासायची ती कळ गेली ती गेलीच. 2017 साली सरकारने इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम गुडघ्याच्या, किमतींवर मर्यादा घातली, पण फिजिओथेरपीचा खर्च हिशेबात कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

मला सांगायचंय ते लंगडण्याबद्दल. सहा वर्षं मी दुखरा पाय वाचवत चालले. गुडघा नवा आला, पण अंगवळणी पडलेली चाल जुनीच. वॉकर सुटला, काठी सुटली, तरी ठाण्याच्या तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या काठी, मी आपली बदकासारखी डुलत. शेजारच्या वहिनींनी विचारलंच, "ऑपरेशन फसलं का हो?"

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने मला कॉटवर झोपवून पाहिलं. "काकू, गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये, म्हणून टाच आधी टेकत नाही." कारण निघालं उशी! बरं वाटायचं म्हणून रात्रभर गुडघ्याखाली घ्यायचे. ती काढली आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आली. मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद, पुन्हा. डोळ्यांत पाणी यायचं. आमच्याकडे कौतुक सगळं वाकण्याचं. 110 अंश झाले तेव्हा ह्यांनी बिल्डिंगभर सांगितलं. सपाटीवर चालायला साठ-सत्तर पुरतात, पण सरळ व्हायलाच हवा.

मग आरशासमोर पॅसेजमध्ये: टाच, तळवा, शेवटी अंगठ्याने रेटा. दोन्ही पायांवर सारखा वेळ. मी दुखऱ्या पायावरून घाईने उतरत होते, हे मला आवाजावरून कळलं, ठप-टप, ठप-टप. आणि काठी! ती डाव्या हातात हवी होती, पहिले पंधरा दिवस मी उजव्यात धरली.

चौथ्या महिन्यात टपटप सारखी झाली. आता मासुंदा तलावाला अख्खी फेरी होते, संध्याकाळी थोडी सूज, बर्फ लावते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे, मधूनच आतून टिकटिक वाजतं. दोन्ही चालायचंच, म्हणतात. पूजेला खुर्ची.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा, हे आता पाठ झालंय. ठाणे स्टेशनचा पूल उतरताना मात्र अजून कठडा लागतो, आणि संध्याकाळी सातला त्याच कठड्याला धरून वर येणाऱ्यांना काय सांगायचं, ते कुठल्याच व्यायामात नव्हतं.