विन+व्ही की डिट्टो? दिवसभर कॉपी-पेस्ट करणाऱ्यांसाठी

ज्यांचं पोट टायपिंगवर चालतं त्यांना क्लिपबोर्डची यादी, म्हणजे आतापर्यंत कॉपी केलेल्या मजकुरांची यादी, किती कामाची असते हे समजावून सांगायला नको. निवड एवढीच करायची असते की विंडोजमध्ये आयती असलेली विन+व्हीची (विंडोजचं बटण धरून व्ही दाबलं की ही यादी उघडते) सोय पुरे, की हेच काम करणारं डिट्टो नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकून घ्यायचं. दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे प्रश्न पैशांचा नाही, सवयीचा आणि कामाच्या जातीचा आहे. मी दोन्हींवर बरंच काम केलंय. आज माझ्या मशीनवर काय आहे ते पुढे येईलच, पण ते तुम्हालाही सोयीचं पडेल असा माझा आग्रह नाही.

माझं दुकान तहसील कचेरीजवळ आहे. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, साठेखतं, वारस नोंदीचे अर्ज ही रोजची कामं. या कामात तोच मजकूर चार ठिकाणी जातो. सातबाऱ्यावरचा गट नंबर, क्षेत्र, आकार, खातेदाराचं पूर्ण नाव हे सगळं अर्जात, प्रतिज्ञापत्रात आणि जबाबात अक्षरशः सारखं यावं लागतं. 'पांडुरंग'चा एका ठिकाणी 'पांडूरंग' झाला तर कागद परत येतो आणि पक्षकाराची एक खेप वाया जाते. म्हणून एकदा नीट तपासून टाइप करायचं आणि पुढे सगळीकडे कॉपीच करायची, ही माझी शिस्त.

विन+व्ही २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटबरोबर विंडोज १० मध्ये आलं. मला ते लगेच आवडलं. काही डाउनलोड करायचं नाही, कुणाची परवानगी नको, नव्या मशीनवर बसलं तरी तेच. एकदा चालू केलं की झालं. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं तर एका मशीनवर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर मिळतो. घरी एक मशीन आणि दुकानात एक असं ज्यांचं काम आहे, त्यांना याचा फार उपयोग. सरकारी किंवा बँकेच्या मशीनवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत, तिथे तर दुसरा पर्यायच नाही, आणि जे आहे ते चांगलं आहे.

अडचण आहे ती त्याच्या विसराळूपणाची. यादीत २५ नोंदी राहतात. सव्विसावी आली की सगळ्यात जुनी निघून जाते. मशीन रीस्टार्ट झालं की पिन केलेल्या, म्हणजे कायम ठेवायची खूण केलेल्या, नोंदी सोडून बाकी सगळी यादी पुसली जाते. हा दोष आहे असं मी म्हणणार नाही, त्याची रचनाच तशी आहे आणि मायक्रोसॉफ्टने ते लिहूनही ठेवलंय. पण मला ज्या दिवशी ते नडलं, तो दिवस अजून आठवतो.

अकरा वारसांची नोंद होती. वयस्कर गृहस्थ बारा मैलांवरून एसटीने आले होते, परतीची गाडी साडेचारची. मी त्यांच्या जुन्या कागदांवरून एकेक नाव, नातं, वय, पत्ता वेगवेगळा कॉपी करून घेतला होता आणि ते अर्जाच्या चौकटीत बसवत होतो. सहावं नाव चालू असताना वीज गेली. माझ्या यूपीएसची बॅटरी तेव्हा म्हातारी झाली होती, तिने मिनिटभरही धरलं नाही. वीज आल्यावर वर्डने फाईल बऱ्यापैकी परत दिली, पण विन+व्ही दाबलं तर यादीत माझी तीन पिन केलेली वाक्यं तेवढी उभी. बाकी कोरं. ज्या कागदावरून नावं घेतली होती तो मी शेजारी झेरॉक्सला दिला होता. तो परत आणून सगळं पुन्हा जुळवेपर्यंत साडेचार वाजून गेले. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, 'मुक्कामाची गाडी आहे' एवढंच म्हणाले. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

यावर कुणी म्हणेल, मग पिन करायचं. मी करत होतोच. 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की' हे वाक्य पिन करून ठेवता येतं, कारण ते रोज लागतं. पण आज दुपारच्या वीस नोंदींपैकी कुठली तासाभराने पुन्हा लागणार, हे कॉपी करताना कळत नाही. पिन हा ठरलेल्या मजकुराचा उपाय आहे. माझं दुखणं न ठरलेल्या मजकुराचं होतं.

दुसऱ्या दिवशी डिट्टो टाकलं. ते नोंदी डिस्कवरच्या एका डेटाबेस फाईलमध्ये लिहून ठेवतं. मशीन बंद पडो, रीस्टार्ट होवो, यादी तिथेच. किती नोंदी ठेवायच्या आणि किती दिवसांनी पुसायच्या, हे आपण ठरवायचं. मुळात मला एवढंच हवं होतं. बाकीचे फायदे नंतर कळत गेले. खिडकी उघडून टाइप करायला लागलं की यादी गाळली जाते. 'गट ४' टाइप केलं की त्या गटाच्या नोंदी समोर. चार नोंदी एकदम निवडून एकत्र पेस्ट करता येतात. ठरावीक वाक्यांचे गट करता येतात. माझ्याकडे 'वारस', 'वाटणी', 'भाडेकरार' असे गट आहेत आणि हाताखालचा मुलगा एका दिवसात ते वापरायला शिकला.

मराठीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. पहिली जुन्या फाँटची. आमच्या धंद्यात वीस वर्षांपूर्वीच्या फाईली अजून कृतिदेवमध्ये आहेत. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द मशीनच्या लेखी इ, जे, के, कॅपिटल बी, एच असा इंग्रजी अक्षरांचा असतो, मराठी दिसतो तो फक्त फाँटमुळे. त्यामुळे डिट्टोच्या यादीत अशा नोंदी इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून दिसतात. घाबरू नका, वर्डमध्ये साधं पेस्ट केलं की फाँट बरोबर येतो. पण शिफ्ट धरून एंटर दाबलं तर डिट्टो फाँट आणि सजावट काढून नुसता मजकूर टाकतं, आणि मग पानावरही तीच खिचडी उतरते. तेच बटण युनिकोड मजकुराला, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं मशीनच्या लेखीही मराठीच असतात त्याला, मात्र वरदान आहे. वेबसाइटवरून उचललेला मजकूर स्वतःचा रंग आणि आकार घेऊन आपल्या कागदात घुसतो, तो या बटणाने मुकाट्याने आपल्या फाँटमध्ये बसतो.

दुसरी गोष्ट 'ऱ्या'ची. 'करणाऱ्या', 'शेतकऱ्याने' यातला र दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधणाऱ्या यंत्राला वेगळे. 'शेतकऱ्याने' शोधून सापडलं नाही म्हणून मी एकदा अख्खा परिच्छेद पुन्हा टाइप केला, आणि नंतर तो यादीतच होता असं दिसलं. आता मी 'शेतक' एवढंच टाइप करतो.

आता विन+व्हीच्या बाजूचं एक वजनदार माप. जे विसरत नाही ते नको तेही विसरत नाही. माझ्या दुकानात दिवसाकाठी कितीतरी लोकांचे १२ अंकी आधार नंबर, खाते नंबर माझ्या क्लिपबोर्डवरून जातात. विन+व्हीत ते संध्याकाळी मशीन रीस्टार्ट केलं की जातात. डिट्टोच्या फाईलमध्ये ते पडून राहतात आणि त्या मशीनवर बसणाऱ्या कुणालाही दिसू शकतात. लोक विश्वासाने कागद हातात देतात, तेव्हा ही गोष्ट मला हलकी वाटत नाही. यावर मी दोन उपाय केलेत. आधार किंवा बँकेचं काम असलं की घड्याळाजवळच्या डिट्टोच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ते क्लिपबोर्डपासून तात्पुरतं तोडतो आणि काम झालं की परत जोडतो. शिवाय नोंदी ३० दिवसांनी पुसल्या जातील असं लावलंय, ठरावीक वाक्यांवर तेवढी 'कधीच आपोआप पुसू नका' ही खूण केलीय. ही शिस्त ज्याला जमणार नाही, किंवा ज्याच्या मशीनवर चारजण बसतात, त्याने विन+व्हीवर राहणं बरं.

कॉपीक्यू नावाचं तिसरंही एक आहे. दोनेक महिने वापरलं. विंडोजबरोबर लिनक्स आणि मॅकवरही चालतं, त्यात कप्पे करता येतात, स्वतःच्या आज्ञा लिहून बरंच काही करवून घेता येतं. लिनक्सवाल्यांनी सरळ तेच घ्यावं. मला त्या आज्ञांची गरज पडली नाही म्हणून परत आलो, एवढंच.

तर दिवसाला दहा-पंधरा वेळा कॉपी करणाऱ्याला विन+व्ही भरपूर झालं, त्याने डोकं शिणवू नये. पण जो दुसऱ्यांचे कागद करतो, अनुवाद करतो, बातम्या लावतो, एका बैठकीत पन्नास-साठ वेळा कॉपी करतो, त्याच्यासाठी माझं मन डिट्टोकडे झुकतं. दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदतात, त्यामुळे एकाला काढायचीही गरज नाही.

टाकलं तर आधी शॉर्टकट तपासा. मुळात तो कंट्रोल आणि टॅबच्या वरचं बटण असा असतो. एक्सेलमध्ये त्याच दोन बटणांनी सूत्रं दिसतात. हिशेबाची पत्रकं करत असाल तर डिट्टोला दुसरी जोडी द्या, नाहीतर सूत्रं बघायला गेलात की डिट्टोची खिडकी उघडेल. आणि महिन्यातून एकदा डिट्टो बंद करून ती डेटाबेसची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेतो, यूपीएसची बॅटरी तपासतो त्याच वेळी.